पोर्ट दिसतो, पण बोलत नाही

लॅपटॉपच्या कडेला नऊ पिनांचा तो डी आकाराचा कनेक्टर आता दिसत नाही, म्हणून सीरियल पोर्ट इतिहासजमा झाला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाची ट्रॉली तोलणारा वजनकाटा, गावातल्या दूध संकलन केंद्रावरचं फॅट मोजणारं यंत्र, दुकानातला पावतीचा प्रिंटर, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आर्डुइनो बोर्ड अशी कितीतरी यंत्रं आजही संगणकाशी एकामागून एक बिट पाठवतच बोलतात. बाहेरून यूएसबीची वायर दिसते, आत मात्र जुना सीरियल पोर्टच असतो.

या यंत्रांबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. यंत्र चांगलं आहे, वायर चांगली आहे, काल सगळं चालत होतं. आज संगणक पुन्हा सुरू केला तर पोर्ट दिसतो, पण बोलत नाही. किंवा बोलतो, पण भलतंच काहीतरी. मग वायर बदलली जाते, यंत्र दुरुस्तीला जातं, संगणकावर सगळं नव्यानं टाकलं जातं. एवढं करूनही दोष तिथंच राहतो, कारण पुष्कळदा तो चार-पाच ओळींच्या एका मजकुराच्या फाइलीत असतो. संगणक सुरू होताना किंवा वायर जोडताना चालणारी, पोर्ट कसा वापरायचा हे सांगणारी ही सेटअप स्क्रिप्ट. ती दुरुस्त करायची तर ती मुळात लागते कशाला, हे आधी बघावं लागतं.

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशननं १९६० मध्ये आणलं. त्याची सर्वांत रुळलेली आवृत्ती, आरएस-२३२-सी, १९६९ ची. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असले तर १, अधिक ३ ते अधिक १५ असले तर ०, कोणत्या पिनवर कोणता संकेत, असं सगळं त्यात नीट लिहिलेलं आहे. दोन गोष्टी मात्र त्यात नाहीत. पलीकडचं यंत्र आपण कोण आहोत हे सांगत नाही, आणि आपण कोणत्या वेगानं बोलणार तेही सांगत नाही. वजनकाटा असो की मोडेम, तारेवर येतात ते नुसते व्होल्टेजचे चढउतार. त्यांचा अर्थ लावायला लागणारी सगळी माहिती कुणीतरी माणसानं आधी लिहून ठेवावी लागते. सेटअप स्क्रिप्ट म्हणजे ही लिहून ठेवलेली माहिती. ती यंत्राबद्दलचा एक दावा असते, आणि दावा खोटा निघाला की संगणक पूर्ण निष्ठेनं चुकीचं काम करतो.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते १९९० च्या दशकातल्या लिनक्समध्ये. त्यासाठी त्या काळच्या पीसीच्या पोटात थोडं शिरायला हवं.

आयबीएमनं १९८१ मध्ये पहिला पीसी आणला तेव्हा त्याच्या सीरियल कार्डावर नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० ही चिप होती. अशा चिपला यूआर्ट म्हणतात. संगणकाकडून आलेला आठ बिटांचा बाइट एकेक बिट करून तारेवर सोडायचा आणि तारेवरून आलेले बिट गोळा करून पुन्हा बाइट बनवायचा, हे तिचं काम. चिपशी बोलायला एक पत्ता लागतो, आणि नवा बाइट आला की तिनं प्रोसेसरला हाक मारायला एक इंटरप्ट लागतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीनुसार पहिला पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर आणि इंटरप्ट ४ वर, दुसरा २एफ८ वर आणि इंटरप्ट ३ वर. तिसऱ्याचा पत्ता ३ई८, पण इंटरप्ट पुन्हा ४. चौथ्याचा पत्ता २ई८, इंटरप्ट पुन्हा ३. म्हणजे पोर्ट चार आणि हाका दोनच. त्या काळच्या आयएसए कार्डांना एकच इंटरप्ट दोघांत वाटून घेता येत नसे, म्हणून पहिल्या पोर्टावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम असला की दोघांची हमखास टक्कर व्हायची.

यातून वाट काढायला कार्डावरचा जंपर, म्हणजे दोन टाचण्यांवर बसणारी इवलीशी टोपी, काढून दुसरीकडे बसवायचे आणि तिसरा पोर्ट इंटरप्ट ५ वर न्यायचे. कार्डाचा प्रश्न सुटला. पण लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, हे कोण सांगणार? ते ठरलेल्या चार जागाच गृहीत धरून बसलेलं असायचं. ही गोष्ट सांगणाऱ्या आज्ञेचं नाव सेटसीरियल. ती मुळात रिक स्लॅडकी यांनी लिहिली, मायकेल जॉन्सन यांनी सुधारली आणि थिओडोर त्सो यांनी १ जानेवारी १९९३ रोजी पूर्णपणे नव्यानं लिहिली. संगणक सुरू होताना आरसी-डॉट-सीरियल नावाची स्क्रिप्ट चालायची आणि तिच्यात प्रत्येक पोर्टासाठी सेटसीरियलची एकेक ओळ असायची: तिसऱ्या पोर्टाचा पत्ता अमुक, इंटरप्ट ५, चिप १६५५०ए.

इथं एक गैरसमज इतका पक्का रुजला होता की तो आजही वेगवेगळ्या रूपांत भेटतो. सेटसीरियलनं इंटरप्ट ५ सांगितला की कार्ड इंटरप्ट ५ वर जातं, असं लोकांना वाटायचं. तसं काहीच होत नाही. सेटसीरियल फक्त ड्रायव्हरला, म्हणजे कर्नेलच्या पोर्ट चालवणाऱ्या भागाला, सांगते की कार्ड तिथं आहे असं धरून चाल. जंपर ४ वरच असेल तर कार्ड ४ वरच हाका मारत राहणार आणि ड्रायव्हर ५ वर कान देऊन बसणार.

अशा वेळी काय दिसतं? पोर्ट सरळसरळ मेलेला असता तर बरं झालं असतं, कारण मग दोष लगेच लक्षात आला असता. इथं अक्षरं येतात, पण कित्येक सेकंद थांबून, तुकड्यातुकड्यांनी. चिपच्या साठ्यात अक्षरं पडून राहतात, हाक ड्रायव्हरपर्यंत पोहोचत नाही, आणि अधूनमधून ड्रायव्हर आपण होऊन डोकावतो तेव्हा साचलेलं सगळं एकदम बाहेर येतं. मोडेम वापरणारे लोक मग टेलिफोन खात्याला दोष द्यायचे, कारण लक्षण अगदी खराब लाइनीसारखं. खरी परीक्षा सोपी होती. पोर्ट वापरात असताना प्रोक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल उघडायची. प्रत्येक इंटरप्टावर आतापर्यंत किती हाका आल्या याचा आकडा तिच्यात असतो. अक्षरं पाठवूनही सीरियलच्या ओळीतला आकडा शून्यावरच अडला असेल तर स्क्रिप्टमधला इंटरप्ट चुकला आहे. ती दुरुस्त करायची तर डोळ्यांनी कार्डावरचा जंपर बघून, अंदाजानं नव्हे.

चिपचं नावही असंच. ८२५० आणि तिच्यामागून आलेल्या १६४५० मध्ये आलेला एकच बाइट ठेवायला जागा होती. १६५५० मध्ये १६ बाइटांचा साठा दिला, पण त्या पहिल्या आवृत्तीतला साठा सदोष होता. तो १६५५०ए मध्ये दुरुस्त झाला. आता समजा कार्डावर १६५५०ए आहे आणि कुणीतरी जुन्या संगणकावरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये १६४५० लिहिलं आहे. ड्रायव्हर साठा वापरणारच नाही. सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाला प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक. प्रोसेसर तेवढ्या वेळात आला नाही की पुढचं अक्षर आधीच्या अक्षरावर येऊन पडतं आणि ते हरवतं. ९६०० च्या वेगाला हाच संगणक निर्दोष चालतो, म्हणून वायरवर किंवा पलीकडच्या यंत्रावर संशय जातो. दोष असतो स्क्रिप्टमधल्या एका आकड्यात.

चौथ्या पोर्टाची गंमत वेगळी. आयबीएमच्या ८५१४ आणि एस३ जातीच्या व्हिडिओ कार्डांचे काही पत्ते ८२ई८ यांसारखे असत. जुनी सीरियल कार्डं पत्त्याचे फक्त खालचे दहा बिट वाचत, त्यामुळे त्यांना ८२ई८ आणि २ई८ एकच वाटे. स्क्रिप्टनं चौथा पोर्ट शोधायचा प्रयत्न केला की पडद्यावरचं चित्र बिघडायचं. सेटसीरियलच्या माहितीपत्रकातच इशारा आहे की चुकीचा पत्ता दिल्यास संगणक जागच्या जागी अडकू शकतो. म्हणून चाचपून बघणारी स्क्रिप्ट नेहमीच शहाणी असते असं नाही. जिथं काही नाही हे आपल्याला माहीत आहे तिथं चिप नाही असं स्पष्ट लिहिणं जास्त सुरक्षित, आणि सेटसीरियलमध्ये तशी सोय होती.

पुढे यूएसबी आली आणि पत्ते-इंटरप्टांची ही कटकट जवळजवळ संपली. यूएसबीचं प्रत्येक उपकरण जोडल्या क्षणी आपला निर्माता क्रमांक आणि उत्पादन क्रमांक सांगतं. वाटलं की आता माणसानं दावे लिहायची गरज उरली नाही. पण तिथंच दुसरी अडचण सुरू झाली. यूएसबीवर ओळख मिळते ती मधल्या चिपची. तिच्या पलीकडे जोडलेला वजनकाटा पूर्वीइतकाच मुका आहे.

दूध संकलन केंद्राचं उदाहरण घेऊ. समजा एका छोट्या संगणकाला दोन यूएसबी-सीरियल वायरी लावल्या आहेत, एक काट्याची आणि एक फॅट-मशीनची. लिनक्स ज्या क्रमानं उपकरणं सापडतील त्या क्रमानं नावं देतं: आधी सापडलं ते टीटीवाययूएसबी०, नंतरचं टीटीवाययूएसबी१. बसवणाऱ्यानं बघितलं तेव्हा काटा ० वर होता, म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहिलं की वजन ० वरून वाच. पहाटे वीज गेली, आली, आणि या वेळी फॅट-मशीन आधी जागं झालं. आता वजन वाचणाऱ्या प्रोग्रामपुढं फॅट-मशीनचा मजकूर येतो. प्रोग्राम नीट लिहिलेला असेल तर तो थांबेल. नसेल तर मिळालेल्या मजकुरातून पहिला आकडा उचलेल आणि वजनाच्या रकान्यात टाकेल. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर, ठरतो. त्या आकड्यांवर शेतकऱ्याच्या घरात येणारे पैसे ठरतात. म्हणून ही चूक मला फुटकळ तांत्रिक वाटत नाही.

जोडलेल्या उपकरणांना नावं देण्याचं काम लिनक्समध्ये यूडेव्ह करतं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं, के सीव्हर्स यांनी त्यात मोठी भर घातली आणि २०१२ मध्ये ते सिस्टमडी या प्रकल्पात सामील झालं. यूडेव्ह येण्याआधी मेकडेव्ह नावाची एक स्क्रिप्ट शेकडो नावं आगाऊच बनवून ठेवायची, उपकरण असो वा नसो. यूडेव्हचे नियम म्हणजे आजची सेटअप स्क्रिप्ट. नियमाच्या एका ओळीत आधी अटी असतात आणि मग कृती: उपकरण टीटीवाय प्रकारातलं असेल, त्याचा निर्माता क्रमांक ०४०३ आणि उत्पादन क्रमांक ६००१ असेल, आणि त्याचा अनुक्रमांक अमुक असेल, तर त्याला 'काटा' असं एक जास्तीचं नाव दे. प्रोग्राममध्ये मग ० किंवा १ लिहायचंच नाही, 'काटा' लिहायचं. वीज कितीदाही गेली तरी नाव बदलत नाही.

हे नियम लिहिताना होणाऱ्या चुकांची तऱ्हा ठरलेली आहे. पहिली बरोबरीच्या चिन्हाची. दोन चिन्हं म्हणजे असं असेल तर, एक चिन्ह म्हणजे असं कर. अटीत एकच चिन्ह पडलं की नियम नाकारला जातो, किंवा अट म्हणून जे लिहिलं होतं ते तपासण्याऐवजी लिहायला बघतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. तक्रार फक्त नोंदींमध्ये जाते, आणि नोंदी वाचायची सवय फार थोड्यांना असते. दुसरी चूक मूळ नावच बदलायची. सीरियल पोर्टाचं कर्नेलनं दिलेलं नाव नियमातून बदलता येत नाही, त्याच्या जोडीला दुवा म्हणून दुसरं नाव देता येतं. तिसरी चूक मात्र चांगल्या चांगल्यांना फसवते, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो.

यूडेव्हच्या दृष्टीनं एक सीरियल पोर्ट म्हणजे एक पूर्ण साखळी असते. सर्वांत आत टीटीवाय, त्याच्या वर यूएसबीचा इंटरफेस, त्याच्या वर ते उपकरण, त्याच्या वर हब, त्याच्या वर संगणकाचा यूएसबी नियंत्रक. साखळी दाखवणारी यूडेव्हएडीएम इन्फो ही आज्ञा दिली की प्रत्येक कडीचे गुणधर्म वेगवेगळ्या परिच्छेदांत दिसतात. नवशिका माणूस एक गुणधर्म उपकरणाच्या परिच्छेदातून आणि दुसरा नियंत्रकाच्या परिच्छेदातून उचलतो. दोन्ही खरे असतात, तरी नियम लागू होत नाही. कारण पोर्टाच्या स्वतःच्या गुणधर्मांखेरीज वरच्या कड्यांबद्दल ज्या अटी घालाल त्या सगळ्या एकाच कडीवर जुळाव्या लागतात. आज्ञेच्या उत्तराच्या सुरुवातीलाच हे लिहिलेलं असतं, पण उत्तर इतकं लांब असतं की सुरुवात वर सरकून नजरेआड जाते.

अनुक्रमांकाची अट सर्वांत भक्कम, पण ती नेहमी मिळत नाही. एफटीडीआय कंपनीच्या चिपांमध्ये बहुधा प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र अनुक्रमांक असतो. चीनमधल्या किनहेंग कंपनीची सीएच३४० ही स्वस्त चिप तो सहसा देतच नाही. अशा दोन वायरी संगणकाला हुबेहूब सारख्या दिसतात. मग जागेवरून ओळख ठरवावी लागते, म्हणजे वायर कोणत्या यूएसबी भोकात आहे यावरून. तसा नियम लिहिता येतो. काहीच न लिहिता डेव्ह फोल्डरमधल्या सीरियल या उपफोल्डरात जागेनुसार तयार असलेली नावंही वापरता येतात. ओळख जागेवरून ठरवली की मग त्या भोकाशी काटा आणि फॅट असं रंगानं लिहून ठेवणंही दुरुस्तीचाच भाग होतो. नाहीतर झाडलोट करताना कुणीतरी वायरी काढून उलट्या लावल्या की नियम पुन्हा खोटा पडला.

नियम बदलल्यावर यूडेव्हला तो पुन्हा वाचायला सांगावा लागतो आणि मग वायर काढून लावावी लागते, किंवा ट्रिगरची आज्ञा द्यावी लागते. नियम बरोबर असूनही चालत नाही असं वाटतं त्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं. कोणता नियम कुठल्या फाइलीतून लागू झाला हे बघायला यूडेव्हएडीएम टेस्ट आहे. तिचं उत्तर वाचायला पाच मिनिटं लागतात आणि दिवसभराची चाचपड वाचते.

परवानगीचा प्रश्न थोडक्यात. पोर्ट उघडताना परवानगी नाही असं उत्तर आलं की अनेक जण नियमात सगळ्यांना सगळं खुलं करून टाकतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांमध्ये सीरियल पोर्ट डायलआउट या गटाच्या ताब्यात असतात, आर्चमध्ये यूयूसीपी गटाच्या. वापरणाऱ्याचं नाव त्या गटात घालायचं, त्याला एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगइन करायला लावायचं, काम झालं.

आता प्रश्न असा की दोष स्क्रिप्टमध्येच आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी चाचणी कुठल्याही सॉफ्टवेअरहून जुनी आहे. पलीकडचं यंत्र काढून टाका. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये संगणकाच्या बाजूनं पिन २ ही येणाऱ्या संकेताची आणि पिन ३ ही जाणाऱ्या संकेताची. या दोन पिना वायरच्या छोट्या तुकड्यानं जोडा. हार्डवेअरचं प्रवाह-नियंत्रण बंद ठेवून टर्मिनल प्रोग्राममध्ये अक्षरं टाइप करा. जे पाठवाल तेच परत आलं पाहिजे. आलं, तर ड्रायव्हर, नाव, परवानगी आणि चिप हे सगळं ठीक आहे. शोध आता वायर आणि यंत्राकडे न्यायचा. नाही आलं, तर यंत्राला हात लावण्यात अर्थ नाही. वायरचा तुकडा काढल्यावरही अक्षरं दिसत राहिली तर टर्मिनल प्रोग्राम स्वतःच ती दाखवतो आहे, तेवढं बंद करून चाचणी पुन्हा करायची.

या चाचणीत एक गोष्ट मात्र पकडली जात नाही, आणि ती म्हणजे वेगाची चूक. पाठवणारी आणि घेणारी चिप एकच असल्यामुळे चुकीचा वेगही स्वतःशी जुळतोच. जुन्या पीसीत १८,४३,२०० हर्ट्झचा स्फटिक असे. त्याला १६ ने भागलं की १,१५,२००, आणि त्याला पुन्हा १२ ने भागलं की ९६००. आजही वेगांची यादी त्याच आकड्यांची आहे. यंत्र जोडल्यावर चौकोन आणि विचित्र खुणा दिसल्या, पण दरवेळी सारख्याच दिसल्या, तर वायर तुटलेली नाही. वेग, बिटांची संख्या किंवा पॅरिटी यांपैकी काहीतरी स्क्रिप्टमध्ये चुकलं आहे, आणि बरोबर आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो.

शेवटी एक अलीकडचं प्रकरण, कारण त्यात स्क्रिप्टच्या दोषाचा सगळा गुंता एकत्र आला आहे. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या आर्डुइनोच्या स्वस्त आवृत्त्या आणि ईएसपी बोर्ड यांतल्या पुष्कळांवर सीएच३४० चिप असते. उबुंटूच्या या आवृत्तीत असा बोर्ड लावला की टीटीवाययूएसबी० क्षणभर दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. जगभरातले विद्यार्थी बोर्ड खराब आहे, वायर फक्त चार्जिंगची आहे असं धरून बसले. कर्नेलच्या नोंदींमध्ये मात्र सरळ लिहिलेलं होतं: ब्रेलटीटीवाय नावाच्या प्रोग्रामनं उपकरण ताब्यात घेतलं आणि त्या चिपचा सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर सुटला.

ब्रेलटीटीवाय हा अंध व्यक्तींसाठीचा प्रोग्राम आहे. पडद्यावरचा मजकूर तो ब्रेलच्या उंचवट्यांच्या पट्टीवर उमटवतो. अशी पट्टी लावल्याबरोबर तो आपोआप सुरू व्हावा म्हणून त्याचे यूडेव्ह नियम असतात, आणि ते असायलाच हवेत. ज्याला पडदा दिसत नाही त्यानं प्रोग्राम सुरू करायचं बटण शोधायचं कसं? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या नॅशनल लायब्ररी सर्व्हिसचं झूमॅक्सनं बनवलेलं २० खणांचं ब्रेल वाचक-यंत्र आतून सीएच३४० चिप वापरतं. त्या यंत्रासाठी नियम लिहिला गेला: निर्माता १ए८६, उत्पादन ७५२३ दिसलं की ब्रेलटीटीवाय सुरू कर. पण हे दोन आकडे झूमॅक्सचे नाहीत, चिपचे आहेत. 'पाटील, कोल्हापूर' एवढ्याच पत्त्याचं पत्र पोस्टमननं वाटेत भेटलेल्या पहिल्या पाटलाच्या हाती द्यावं, तसं हे झालं. नियमाचं व्याकरण निर्दोष होतं, तो ठरल्याप्रमाणे चालत होता. त्याचा दावा तेवढा पुराव्यापेक्षा रुंद होता.

यावर सगळीकडे फिरलेला उपाय म्हणजे ब्रेलटीटीवाय काढून टाका. स्वतःच्या लॅपटॉपवर, जिथं ब्रेल पट्टी कधी येणार नाही, तिथं तो चालेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सार्वजनिक ग्रंथालयात, सायबर कॅफेत मात्र तो चुकीचा आहे. तिथं उद्या एखादी अंध विद्यार्थिनी आपली पट्टी घेऊन आली तर संगणक तिच्याशी बोलणारच नाही, आणि का बोलत नाही हे तिला कळायला मार्गही उरणार नाही. बरोबर दुरुस्ती लहान आहे. यूडेव्हची घरचे नियम ठेवायची जागा ईटीसी फोल्डरमध्ये असते, आणि तिथं त्याच नावाची फाइल असली की मूळ फाइलीऐवजी तीच वाचली जाते. ब्रेलटीटीवायची नियम-फाइल तिथं उतरवून घ्यायची, तिच्यातली १ए८६ आणि ७५२३ ची ओळ सुरुवातीला # चिन्ह देऊन बंद करायची आणि नियम पुन्हा वाचायला लावायचे. इतर ब्रेल पट्ट्या पूर्वीसारख्याच चालतात. ब्रेलटीटीवायच्या मूळ संचातही आता अशा सर्वसाधारण चिपांचे नियम वेगळ्या फाइलीत ठेवलेले असतात. ती फाइल घ्यायची की नाही हे वितरण बनवणाऱ्यांनी ठरवायचं.

तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट दुरुस्त करायची वेळ आली तर बदललेल्या ओळीच्या वर दोन ओळींची टीप लिहा: कोणतं यंत्र, कोणती चिप, का बदललं, कोणत्या तारखेला. पुढच्या माणसाला तुमचा फोन नंबर सापडणार नाही, टीप सापडेल. आणि संगणक अनेकांच्या वापरातला असेल तर ब्रेलटीटीवाय काढू नका. ती एक ओळ बंद करा.